भारतात मान्यता नसलेलं औषध मागवायचंय? अर्ज कुणी करायचा?

"हे औषध आपल्याकडे मिळत नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे परदेशातल्या नातेवाइकाला फोन लावतात. थोडं थांबा. आधी रुग्णालय सरकारी आहे की खासगी ते बघा, कारण अर्ज कुणी करायचा हे त्यावर ठरतं.

सरकारी रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय संस्था असेल, तर २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार तिथले वैद्यकीय अधिकारीच आयातीचा परवाना मागू शकतात. आजार जीवघेणा, कायमचं गंभीर अपंगत्व आणणारा किंवा पुरेसा उपचार उपलब्ध नसलेला हवा आणि औषधाला मूळ देशात विक्रीची मान्यता हवी. अर्ज फॉर्म सीटी-२४ वर, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे (सीडीएससीओ). औषधाची तातडीची गरज आहे आणि ते भारतात मिळत नाही, असं वैद्यकीय अधीक्षकांनी त्यावर प्रमाणित करायचं असतं. परवाना सीटी-२५ वर मिळतो. तो तीन वर्षं चालतो, पण एका रुग्णामागे साधारणपणे १०० सरासरी मात्रांपर्यंतच औषध आणता येतं; जास्तीची परवानगी अपवादात्मक परिस्थितीतच मिळू शकते.

औषध आल्यावरचं काम फार्मासिस्टचं. रुग्णाचं पूर्ण नाव, पत्ता, आजार, मात्रा, किती आलं आणि किती दिलं, हे सगळं वहीत चढवायचं आणि त्यावर अधीक्षकांची सही घ्यायची. मला ही वही फार महत्त्वाची वाटते. ज्या औषधाचा इथे कुणालाच अनुभव नाही, ते नेमकं कुणाच्या शरीरात गेलं हे तिच्यातूनच कळतं.

खासगी रुग्णालयात उपचार चालू असतील तर रुग्णाच्या नावाने फॉर्म १२ए भरा. परवाना १२बी वर येतो. इथे सगळा भार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो. "दिवसातून दोन गोळ्या, तीन महिने" असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे १८० गोळ्या का लागतात हे अधिकाऱ्याला चिठ्ठीवरूनच कळेल. परवाना हातात आल्याशिवाय कुरिअर करायला सांगू नका.

दुर्मिळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणाच्या यादीतला आजार असेल, तर स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या औषधावर १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी आरोग्य सेवा संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो. पार्सल निघण्याआधीच तो घेऊन ठेवा.