सिग्नल तुटलेला ड्रोन आणि भरकटलेला ड्रोन

'ड्रोन उडून गेला' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, रिमोटची स्टिक हलवल्यावर तो ऐकत होता का? या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, कारण एका बिघाडावरचा उपाय दुसऱ्यात ड्रोन घालवू शकतो.

रिमोटचा सिग्नल तुटला तरी ड्रोनची स्वतःची समज शाबूत असते. आपण कुठे आहोत, कुठून निघालो, हे त्याला ठाऊक असतं. सेटिंग बदललेलं नसेल तर बहुतेक मॉडेल काही सेकंद थांबून ठरवलेल्या उंचीवर चढतात आणि होम पॉइंटकडे, म्हणजे निघाले त्या जागी, परततात. हेच आरटीएच, म्हणजे रिटर्न टू होम. कारणं बहुधा साधी असतात: मध्ये टेकडी किंवा इमारत येते, आसपास वायफायची गर्दी असते, नाहीतर अँटेनाची टोकंच ड्रोनवर रोखलेली असतात. टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात क्षीण, म्हणून पट्टीसारख्या अँटेनाची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. अशा वेळी मोकळ्यावर या, रिमोट नीट धरा आणि त्याला परतू द्या. नुसता व्हिडिओ गोठला किंवा अ‍ॅप बंद पडलं, तर रिमोटवरचं आरटीएच बटण सहसा चालू असतं.

भरकटलेल्या ड्रोनची गोष्ट उलटी. रिमोट जोडलेला असतो, पण ड्रोनचा दिशेचा अंदाज चुकलेला असतो. आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे गच्ची. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांमुळे कंपास उड्डाणाआधीच चुकीची दिशा दाखवतो. गाडीच्या बॉनेटवरही तेच. वर गेल्यावर कंपास एक सांगतो, जीपीएस दुसरं. ड्रोन जागा धरायला जातो आणि रुंदावत जाणाऱ्या घिरट्या घालतो, किंवा अ‍ॅटी मोडमध्ये (जीपीएसशिवाय फक्त उंची धरणारा मोड) जाऊन वाऱ्याबरोबर वाहू लागतो. तेव्हा स्टिक सोडली तरी ब्रेक लागत नाही. इथे आरटीएच दाबू नका, कारण तेही त्याच कंपासवर विसंबून असतं. स्क्रीन सोडून ड्रोनकडे बघा, वाऱ्याविरुद्ध स्टिक धरून ठेवा आणि मोकळी जागा दिसेल तिथे उतरवा. कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा जुळवणं, त्याच गच्चीवर करू नका. लोखंडाजवळ केलं तर चूक तशीच नोंदली जाते. मैदानात जा.

250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनच्या बाबतीत मला वाऱ्याची जास्त धास्ती वाटते. खाली पान हलत नसतं आणि 100 मीटरवर जोराचा वारा असतो. सिग्नल ठीक, कंपास ठीक, तरी अंतर वाढतच जातं. अशा वेळी आरटीएचने ड्रोन आणखी वर चढू शकतो, म्हणजे आणखी वाऱ्यात. आधी खाली आणा, मग जास्त वेगाचा स्पोर्ट मोड लावून परत आणा.

कोकणात किंवा गोव्यात होडीवरून उडवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. होडी पुढे सरकते, होम पॉइंट मात्र उड्डाणाच्याच जागी राहतो. सिग्नल तुटला की ड्रोन इमानाने रिकाम्या पाण्यावर परततो, आणि बघणाऱ्याला तो भरकटल्यासारखा वाटतो. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर होम पॉइंट रिमोटच्या सध्याच्या जागेवर आणा, आणि होडी सरकेल तसा तो बदलत राहा.