फिट आल्याचं आरटीओला कळवणं

फिट, म्हणजे आकडी, खेड्यात फेफरं म्हणतात, ती येऊन गेल्यावर लायसन्स देणाऱ्या ऑफिसला तसं सांगणं याबद्दलची ही नोंद. एकच फिट आली म्हणजे अपस्मार (एपिलेप्सी, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) झालाच असं नाही, साखर एकदम उतरली किंवा पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तरी येऊ शकते. पण ती गाडी चालवताना आली तर कारण काहीही असलं तरी स्टिअरिंग सुटणारच.

नाशिकचं आरटीओ पेठ रोडला, एमएच १५ वालं (मालेगावचं वेगळं, एमएच ४१). तिथे असो की घरबसल्या सरकारच्या सारथी वेबसाइटवर, लर्निंग काढताना फॉर्म १ भरावा लागतो आणि त्यात पहिलाच प्रश्न असतो की तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का. हो किंवा नाही. शेवटची फिट कधी आली, गोळ्या चालू आहेत का, हे त्या प्रश्नात नाही. हो लिहिलं तर सविस्तर माहिती द्या आणि सोबत डॉक्टरचा फॉर्म १ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट, जोडा असं खाली टीपेत आहे, आणि लोकांना धोका होईल असा आजार दिसला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८ नुसार लायसन्स नाकारायचं. मग आठ वर्षांपूर्वी शेवटची फिट आलेला आणि गेल्या आठवड्यात आलेला, दोघंही "नाही" वरच टिक करतात, दुसरं काय करणार.

खरी गंमत पुढे आहे. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे विसाव्या वर्षी टिक केली की पुढची वीस वर्षं कुणी विचारतच नाही. चाळिशीनंतर फॉर्म १ए येतो, त्यातही अपस्माराचा प्रश्न आहे, पण नजर तपासता येते, फिट कशी तपासणार? दोन फिटांच्या मधल्या दिवसांत माणूस तुमच्याआमच्यासारखाच दिसतो, पेशंटने सांगितलं तरच डॉक्टरला कळणार. ट्रान्सपोर्टवाल्यांचं लायसन्स पाच वर्षांचं असतं, त्यांना हा फॉर्म दर वेळी लागतो, आणि पोटही त्याच लायसन्सवर असल्यामुळे लपवायचं कारणही त्यांनाच जास्त.

कलम १६ मध्ये आरटीओला संशय आला तर मेडिकल मागायचा किंवा लायसन्स रद्द करायचा अधिकार आहे (रद्द केलं तर लेखी कारण द्यावं लागतं, ३० दिवसांत अपील करता येतं). पण संशय येणार कुठून? फिट आली की डॉक्टरने आरटीओला कळवलंच पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही. आजार माहीत असून धोका होईल अशी गाडी चालवली तर कलम १८६, पहिल्यांदा हजार रुपयांपर्यंत दंड, नंतर दोन हजार.

ब्रिटनमध्ये फिट आल्याचं गाडी चालवणाऱ्याने स्वतः कळवायचं असतं, न कळवल्याचा दंडही हजारापर्यंतच, फक्त पौंडात. पण तिथे कळवल्यावर परतीचा रस्ता दिसतो. अपस्मार असेल तर साधारण १२ महिने फिट नको, पहिलीच एकटी फिट असेल आणि तपासण्या ठीक असतील तर ६ महिने, मग कार परत चालवता येते. अपस्मार असलेल्याला ट्रक आणि बससाठी मात्र १० वर्षं फिट नको, तीही गोळ्यांशिवाय. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांत डॉक्टरनेच कळवायचं असतं, त्यावर बऱ्याच न्यूरोलॉजिस्टांचा आक्षेप असा की मग पेशंट डॉक्टरलाच फिट सांगत नाही आणि औषधही नीट बसत नाही.

आपल्याकडे फिट आली की अजून कांदा फोडून नाकाला लावतात, लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याला काय तोटा. फिट बहुतेक वेळा दोनतीन मिनिटांत आपोआप थांबते, श्रेय कांद्याला जातं, आणि उतरलं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी बाइकवर. त्यात द्राक्षाच्या सीझनला पिकअप भरून रात्रीच कसारा घाट उतरून वाशीला जायचं असतं, झोपेचा पत्ता नाही, आणि जागरण हे फिट येण्याचं अगदी नेहमीचं कारण. रात्रीची गोळी विसरणं हे दुसरं.

त्यामुळे इथे कळवणं म्हणजे प्रत्यक्षात न्यूरोलॉजिस्टला सांगणं, "मी गाडी चालवतो, कुठली चालवतो," आणि किती महिने बंद ते कागदावर लिहून घेणं. जड गाडी कायमची सोडायची ठरली तर सारथीवर तेवढा वर्ग सरेंडर करायची सोय आहे. बाकी लायसन्सचं काय करायचं ते आरटीओ तो डॉक्टरचा कागद बघून ठरवणार, म्हणून तो फाइलला असलेला बरा.