चारच रिश्टर, पण पायाखालचे

चार रिश्टरचा भूकंप म्हणजे किरकोळ, असं आपण बातम्या वाचून ठरवून टाकलेलं असतं. इटलीत नेपल्सला खेटून असलेल्या पॉझुओलीत हे कोणालाही पटणार नाही. १३ मार्च २०२५ ला भर मध्यरात्री तिथे ४.६ रिश्टरचा धक्का बसला. शेजारच्या बान्योलीत एका घराचं छत अंशतः कोसळून एक महिला जखमी झाली. लोकांनी उरलेली रात्र रस्त्यावर काढली.

हा सगळा भाग काम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या विस्तीर्ण खोलगट मुखात वसलाय. पॉझुओलीच्या जुन्या रोमन बाजारपेठेत संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्यावर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, बारीक भोकांचा पट्टा दिसतो. दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेली ही भोकं. म्हणजे खांब समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. शहराची जमीनच खाली-वर होत असते. १९८२ ते १९८४ दरम्यान ती सुमारे १.८ मीटर उचलली गेली, आणि २००५ पासून पुन्हा वर येतेय. खालच्या गरम पाण्याचा आणि वायूंचा दाब वाढला की वरचा खडक ताणला जातो, तडकतो. असा प्रत्येक तडा म्हणजे एक भूकंप.

हा तडा जेमतेम दोन-तीन किलोमीटर खोल असतो, आणि सगळी मेख इथेच आहे. रिश्टरचा आकडा एकूण किती ऊर्जा सुटली ते सांगतो. आपल्या घरापर्यंत किती पोचली ते नाही. खोल भूकंपाच्या लाटा वर येईपर्यंत पसरतात, विरतात. इथे त्यांना विरायला अंतरच मिळत नाही. त्यात राखेचे भुसभुशीत थर हादरे वाढवतात. काही किलोमीटर दूर मात्र जोर झपाट्याने ओसरतो. शेजारच्या इस्किया बेटावर २०१७ मध्ये अशाच चारेक रिश्टरच्या उथळ भूकंपाने दोन जीव घेतले. नासधूस झाली ती मुख्यतः कासामिच्चोला आणि लाको आमेनो या भागांत. आपल्या डहाणू-तलासरीकडच्या धक्क्यांचा ज्वालामुखीशी संबंध नाही, पण उथळपणाचं गणित तेच.

दिलासा एवढाच, की थोडं खाली गेलं की खडक इतका तापलेला असतो की तो तडकण्याऐवजी वाकतो. त्यामुळे सात रिश्टरसाठी लागणारी लांबलचक भेग इथे फुटणं अवघड. पण जुन्या दगडी घरांना साडेचारसुद्धा पुरतो. म्हणून उद्रेकाच्या भाकितांइतकाच पैसा भिंतींच्या मजबुतीवर खर्च व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. १९८३ च्या धक्क्यांनंतर सुमारे चाळीस हजार लोकांना हलवलं गेलं. उद्रेक झाला नाही. त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो ही नवी वसाहत उभारली, तीही त्याच ज्वालामुखीच्या क्षेत्रात.