सेनिब्रिज लष्करी छावणी

वेल्समधील पोविस परगण्यात (पूर्वीचा ब्रेकनशर) अस्क नदीच्या खोऱ्यात वसलेली छावणी. गावाचे वेल्श नाव पॉन्टसेन्नी, म्हणजे सेन्नी नदीवरचा पूल. उत्तरेकडील मनिद एपिंट या डोंगरपठारावरील सरावक्षेत्रासाठी ती १९४० मध्ये उभारली गेली.

‘एपिंट’चा अर्थ सामान्यतः ‘घोडवाट’ असा देतात. पूर्वपद ‘एब्’ हे घोड्याचे जुने केल्टिक नाव. गॉलिश (प्राचीन फ्रान्समधील केल्टिक भाषा) ‘एपो-’ आणि संस्कृत ‘अश्व’ ही त्याची सगोत्र रूपे. उत्तरपद ‘हिंट’ म्हणजे वाट. ब् आणि ह् मिळून प् होणे वेल्शमध्ये नियमित असल्याने ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. पठारावरून गुरांचे तांडे इंग्लंडच्या बाजारांकडे हाकले जात व ‘ड्रोव्हर्स आर्म्स’ हा मुक्कामाचा गुत्ता त्याच वाटेवरचा. मात्र नाव या व्यापाराहून बरेच जुने असावे.

१९४० च्या वसंतात युद्धखात्याने पठारावरील कुटुंबांना घरे सोडण्याच्या नोटिसा दिल्या. मेंढ्या विण्याचा हंगाम असल्याने मुदत थोडी वाढली; जूनपर्यंत वस्ती उठली. विस्थापितांची संख्या काही ठिकाणी सुमारे ४०० दिली जाते. ५४ घरांतील २१९ माणसे हा आकडा घरांच्या गणनेशी अधिक जुळतो. सुमारे ३०,००० एकर जमीन लष्कराकडे गेली. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाने विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. लोकजीवनाचे अभ्यासक यॉर्वर्थ पीट त्या दिवसांत तेथे गेले असता, अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या एका वृद्धेने त्यांना परत जायला सांगितले : इथे जगाचा अंत झाला आहे. या नोंदीतील कोणत्याही आकड्याहून हे बोलणे जड आहे.

युद्धानंतर परत येता येईल, असा अनेकांचा समज होता. भिंतींना ओल लागू नये म्हणून एक शेतकरी वारंवार येऊन आपल्या घरातली चूल पेटवीत असे आणि अखेर लष्कराने ते घर सुरुंगाने उडवले, असे सांगितले जाते. वेल्श बोलणारी ही वस्ती उठल्याने या भागात वेल्श भाषेची सीमा सुमारे १५ किमी. पश्चिमेस सरकली, असे मानतात. वेल्शच्या ऱ्हासाची इतर कारणे पाहता हे अंतर ढोबळ समजावे.

क्षेत्र आजही लष्कराच्या ताब्यात आहे. शीतयुद्धाच्या अखेरीस तेथे वस्तीतील लढाईच्या सरावासाठी जर्मन धर्तीचे एक गाव बांधण्यात आले. ‘बाबेल’ या चॅपेलची (प्रार्थनागृहाची) इमारत राहिली नाही, दफनभूमी आहे.