पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची विंटेज नोंदणी: आधी कागद, मग पत्रा

अंगणातल्या मांगराखाली उभी असलेली जुनी फियाट, ॲम्बेसेडर किंवा जीप बाहेर काढायची ठरली की पहिला फोन डेंटिंग-पेंटिंगवाल्याला जातो. तो थोडा थांबवा. पत्रा कापण्यापूर्वी आरसी पुस्तक आणि चेसिस नंबर तपासा, कारण नंतर घासलेला नंबर किंवा बदललेलं इंजिन अर्ज अडवतं आणि तोवर खर्च होऊन गेलेला असतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. मोजणी नोंदणीच्या तारखेपासून होते, कारखान्यातून गाडी कधी बाहेर पडली ते इथे मोजत नाहीत. १९७४ चं मॉडेल १९७६ च्या मे महिन्यात नोंदलं गेलं असेल, तर पन्नास वर्षं मे २०२६ मध्ये भरतात. दुचाकी आणि खासगी चारचाकी दोन्ही यात बसतात, त्यामुळे जुनी लॅम्ब्रेटा किंवा जावाही चालेल. तीनचाकी रिक्षा, माल टेम्पो आणि ट्रक नाहीत. वडापसाठी आसनं वाढवून प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली जीपही अडकते.

शब्दाचा एक घोळ लक्षात ठेवावा. क्लबवाल्यांच्या भाषेत विंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० मधली गाडी, विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये १९४० अखेरच्या आधीची आणि आरटीओच्या लेखी पन्नास वर्षांची. विमा एजंट ‘ही विंटेज नाही’ म्हणाला तर तो चुकीचं बोलत नाही, फक्त त्याचं पुस्तक वेगळं आहे. थर्ड पार्टी विमा मात्र लागतोच. स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून हवं असेल तर सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागा. नेहमीच्या घसाऱ्याच्या हिशेबाने या गाडीची किंमत जवळजवळ शून्य निघते.

दुसरी अट मूळ रूपाची. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कोकणातल्या गाड्या सर्वांत जास्त इथेच गळतात. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जीप आणि ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. काहींची आरसीवर नोंद झाली, बऱ्याच तशाच पळाल्या. नोंद असली तरी गाडी मूळ रूपात आहे असं म्हणता येत नाही. त्याच मॉडेलचं मूळ प्रकारचं इंजिन मिळवून बसवायचं असेल तर आधी कार्यालयात विचारा, खरेदीचं बिल जपा आणि नव्या इंजिन क्रमांकाची आरसीवर नोंद करून घ्या. विंटेजचा अर्ज त्यानंतर.

तळाचा पत्रा हा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात फ्लोअर, दाराखालचे सिल आणि डिकीचं तळ आधी जातात. कुजलेला भाग कापून त्याच आकाराचा, २० गेजचा म्हणजे सुमारे ०.९ मिमी जाडीचा पत्रा वेल्ड करणं ही दुरुस्ती झाली. छत कापून ओपन करणं, चाकांसाठी मडगार्ड रुंद करणं, जीपची चेसिस लांबवणं हे फेरफार. दुरुस्ती असली तरी कापण्यापूर्वी, कापल्यावर आणि वेल्डनंतर असे तिन्ही वेळचे फोटो ठेवा. निरीक्षकाने ताज्या वेल्डिंगकडे बोट दाखवलं तर तोंडी सांगण्यापेक्षा ते उपयोगी पडतात.

चेसिस नंबरासाठी घाई करू नका. अर्जाला नंबराचा पेन्सिलने घेतलेला छाप लागतो, आणि गंजाने अक्षरं भरलेली असतात. ग्राइंडर, सँडिंग डिस्क किंवा खरखरीत पॉलिश पेपर अजिबात वापरायचा नाही. आकडे मुळातच उथळ असतात, अर्धा मिलिमीटर घासला की ८ चा ३ वाटू लागतो. त्या जागी रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर कापड गुंडाळून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलकेच साफ करा आणि वर खडू फिरवा. आकडे पांढरे उमटतात. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने छाप घ्या, दोन-तीन प्रती घ्या आणि लगेच ग्रीस लावा. रिव्हेटने बसवलेली चेसिस नंबराची प्लेट असेल तर रंग देताना ती काढू नका, मास्किंग टेपने झाका. जुन्या प्लेटवर चकचकीत नवे रिव्हेट दिसले की संशय येतोच. आकडे खरोखर खाऊन गेले असतील तर परिवहन कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय नव्या आकड्यांचा पंच मारू नका. गॅरेजमध्ये मारलेला पंच म्हणजे चोरीच्या गाडीसारखा पुरावा.

आता कागद. नमुना २० मधला अर्ज, विमा, शुल्क, भारतात आधी नोंदलेली गाडी असेल तर जुनं आरसी आणि आयात केलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री. यादी लहान, पण आरसीची गोष्ट लांबते. पाच अडचणी हमखास येतात.

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची नाहरकत घेऊन आधी हस्तांतरण करा. सामाईक सातबाऱ्यासारखीच गत आहे: एक भाऊ मुंबईत, एक गोव्यात, आणि सही कुणाचीच नाही.

आरसी हरवलेलं असेल तर पोलिसांत नोंद करून नमुना २६ मध्ये दुसरी प्रत.

पुस्तक आहे, पण परिवहन पोर्टलवर नंबर टाकला तर ‘नोंद नाही’. जुन्या रजिस्टरमधली माहिती संगणकावर चढलेली नसते, तिथे बॅकलॉग एन्ट्रीसाठी अर्ज करावा लागतो. कणकवली-सावंतवाडीच्या गाडीमालकांनी एक ध्यानात घ्यावं: सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या आरसीवर जिल्हा रत्नागिरी असतो, आणि रायगडच्या जुन्या कागदांवर कुलाबा. पुस्तकावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे, शोध तिथूनच सुरू करा.

गाडी मुंबईत नोंदलेली आणि मालक आता गावी असेल तर नमुना २८ ची नाहरकत.

आणि शेवटी, पन्नास वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आजच्या बँकेकडून नमुना ३५ आणि पत्र मिळवा.

हे झालं की अर्ज परिवहन पोर्टलवर. शुल्क नव्या नोंदणीला २०,००० रुपये. प्रमाणपत्र नमुना २३-ए मध्ये, नियमानुसार ६० दिवसांत. ते १० वर्षं चालतं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. भारतात आधी नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि तीन अक्षरी नंबर असेल तर तो ठेवाच. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए, मग दोन अक्षरी मालिका आणि चार आकडे असा नंबर मिळतो.

पण या प्रमाणपत्रावर रोज बाजारात जाता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, त्यासाठीचा येण्याजाण्याचा प्रवास, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर. व्यावसायिक वापर नाही, म्हणजे लग्नाची वरात भाड्याने नाही. ज्यांना रविवारी गाडी गणपतीपुळ्याला न्यायची आहे त्यांनी हा मार्ग धरूच नये. नमुना २५ मध्ये नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हेच त्यांना सोयीचं.

तपासणीआधी ब्रेक बघा. उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर जाम होतात, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. सील आणि ऑइल दोन्ही बदला. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतात, इथेनॉल सोसणारे बसवा. पीयूसीला अशा पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. पहिला आकडा वर गेला तर चोक आणि कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू बघा. दुसरा हटत नसेल तर मिसफायर किंवा पिस्टनच्या रिंगा.

विक्री झाली तर ९० दिवसांत परिवहन विभागाला कळवायचं असतं. तपासणी शक्यतो गणपतीनंतर, हवा कोरडी झाल्यावर मागा. नोंदणी संपलेली गाडी तिथपर्यंत चालवत नेऊ नका, टोइंगच्या गाडीवर चढवून न्या.