बेसमेंटमधला रेडॉन : मोजणीआधी हे जरूर वाचा

न्यू जर्सीत घर घेतलं की बेसमेंट फार दिवस रिकामं राहत नाही. कुणी तिथे ऑफिस थाटतं, कुणी मुलांची खेळायची खोली करतं, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा पलंगही बरेचदा तिथेच लागतो. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू घरात सहसा सर्वांत जास्त असतो तो याच मजल्यावर. आम्ही घरांतला रेडॉन मोजून देतो, आणि म्हणूनच मोजणीची सुरुवात बेसमेंटपासून करा, असं आमचं प्रत्येक ग्राहकाला सांगणं असतं.

जमिनीतल्या खडकांत थोडंफार युरेनियम असतंच. त्याच्यापासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्लॅबच्या भेगा, पाइपांभोवतीच्या फटी आणि साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचा खड्डा यांतून तो घरात शिरतो. थंडीत हीटरने तापलेली हवा वरून निसटते आणि तिच्या जागी घर जमिनीतली हवा ओढून घेतं. त्यात खिडक्याही बंद, त्यामुळे हिवाळ्यातला आकडा बहुधा जास्त येतो. रेडॉनपासून बनणारे पोलोनियमचे कण श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन चिकटतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या कर्करोगाने अमेरिकेत दर वर्षी सुमारे २१,००० माणसं दगावतात, असा ‘ईपीए’ या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. त्यांतल्या सुमारे २,९०० जणांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते.

“शेजाऱ्यांकडे कमी आला, मग आम्ही कशाला मोजायचा?”

हा प्रश्न नेहमी येतो. १९८४च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राजवळ गेले की अलार्म वाजायचा. केंद्र अजून सुरूही झालेलं नव्हतं. किरणोत्सर्गी कण त्यांच्या घरातूनच त्यांच्या अंगावर येत होते. त्या घरात दर लिटर हवेत सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) रेडॉन सापडला. ज्या ‘रेडिंग प्राँग’ खडकपट्ट्यावर ते घर होतं, तोच पट्टा आपल्या राज्याच्या उत्तर भागातून पुढे जातो. १९८६मध्ये हंटरडन काउंटीतल्या क्लिंटन गावातही रेडॉनचं प्रमाण खूप जास्त आढळलं होतं. पण पट्ट्यावरून किंवा शेजाऱ्यांच्या आकड्यावरून तुमच्या घराचा आकडा सांगता येत नाही. खालची माती, स्लॅबच्या भेगा, घरातला हवेचा दाब हे भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन टाउनहाउसमध्येही वेगळं असू शकतं.

मोजणीच्या दिवसांत

आमचं यंत्र दर तासाची नोंद ठेवतं आणि किमान ४८ तास घरात राहतं. ते येण्याच्या १२ तास आधीपासून ते परत नेईपर्यंत सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या बंद हव्यात. येण्याजाण्यापुरतं दार उघडायला हरकत नाही. फोडणीचा ठसका लागला म्हणून खिडकी मात्र उघडू नका. चुलीवरचा एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ लावलात तर चालेल. यंत्र जमिनीपासून किमान २० इंच उंच ठेवतो. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये किंवा कपडे धुण्याच्या खोलीत नाही. ते हलवू नका, झाकू नका. घर विकताना आकडा कमी यावा म्हणून कुणी खिडक्या उघडल्या, तर दर तासाच्या आलेखात एकदम घसरण दिसते आणि मोजणी पुन्हा करावी लागते.

आकडा आला, पुढे काय?

दर लिटर हवेत ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आला तर उपाय कराच, असं ईपीए सांगते. २ ते ४च्या मध्ये असेल तर विचार करा म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपल्या मापात सुमारे २.७ येते. आमचं मत विचाराल, तर ज्या बेसमेंटमध्ये कुणी रोज झोपतं तिथे ३ आला तरी उपाय करावा. बाहेरच्या हवेत तो सरासरी ०.४ असतो.

उपाय म्हणजे बहुतेक वेळा स्लॅबखालून पाइप काढून, अखंड चालणाऱ्या पंख्याने तिथली हवा छपरावर सोडणं. ही यंत्रणा आम्ही बसवत नाही. मोजणाऱ्यालाच पंखा विकायचा असेल तर त्याच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? मोजणारा आणि बसवणारा, दोघांकडेही राज्याच्या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र लागतं. आमचंही मागून बघा.

आम्हाला बोलवायचं नसेल तर दुकानातून रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डबीचा किट आणून स्वतः मोजा. फक्त मुदत संपताच डबी त्याच दिवशी पोस्टाने किटवरच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. डबीतला रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे उशिरा पोचलेली डबी निरुपयोगी ठरते.

तुमचा अहवाल तुमच्या परवानगीशिवाय आम्ही एजंटला किंवा शेजाऱ्यांना दाखवत नाही. कायद्यानुसार तो राज्याकडे मात्र कळवावा लागतो. घर विकताना त्याची प्रत खरेदीदाराला द्यायची जबाबदारी तुमची.

पंखा बसवल्यावर २४ तास जाऊ द्या आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजा. पुढे दर दोन वर्षांनी. पाइपवरच्या U आकाराच्या पारदर्शक नळीतलं रंगीत द्रव दोन्ही बाजूंना समान पातळीवर दिसलं, तर पंखा बंद पडलाय असं समजा आणि बसवणाऱ्याला लगेच फोन करा.