मांडीचा जोर मोजायचा, मग नडगीला टेप कशाला?

"मन्हा गुडघा दुखस, अन् तू टेप कसाले लावस?" अमळनेरच्या आमच्या पायाची ताकद मोजायच्या केंद्रात एका आजींनी विचारलं. रोज कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून हे पत्रक.

खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात ठेवून आम्ही घोट्याच्या जरा वर जोर मोजायचं यंत्र टेकवतो आणि म्हणतो, "पाय सरळ करा, लावा ताकद!" यंत्रावर दिसतो तो तिथे पडलेला दाब. मांडीने लावलेला जोर त्यावरून काढावा लागतो, आणि त्यासाठी गुडघ्यापासून यंत्रापर्यंतचं अंतर टेपने मोजावं लागतं.

भरलेलं फावडं दांड्याच्या शेवटाला धरून उचलून बघा. माती तेवढीच, पण हात भरून येतो. मांडीच्या पुढचे चार स्नायू (जिमवाले त्यांना क्वाड्स म्हणतात) गुडघ्याच्या वाटीवरून उतरून नडगीच्या अगदी वरच्या टोकाला जोडलेले असतात. म्हणजे त्यांनी फावडं शेवटालाच धरलंय. नडगी लांब, तितकं त्यांचं काम जड.

समजा, बहीण-भाऊ आले आणि दोघांचा आकडा २० किलोच आला. गुडघ्यापासून यंत्रापर्यंतचं अंतर बहिणीचं ३० सेंमी, भावाचं ३६. गुणाकार केला की तिचे ६००, त्याचे ७२०. आकडा सारखा, पण त्याच्या मांडीने एक पंचमांश जास्त जोर लावला. टेप लावली नसती तर हे कळलंच नसतं.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आमच्याकडे बरीच येतात. सोबतचे वडील हमखास म्हणतात, "उंच आहे, पायात दम असणारच." स्त्री-पुरुषांना एकाच यादीत घातलं तर तसं दिसतंही. पण पुरुषांची हाडं सरासरीने लांब असतात, आणि वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) त्यांचे स्नायूही जास्त जाड होतात. दोन्ही गोष्टी जोडीने येतात, श्रेय मात्र हाडाला मिळतं. जोर मुख्यतः स्नायूच्या जाडीतून येतो. तेवढ्याच जाडीचा स्नायू बाईचा असो की पुरुषाचा, जवळपास सारखाच जोर लावतो. म्हणून मोजणीनंतर आम्ही देतो त्या निकालाच्या कार्डावर बायकांची तुलना बायकांशीच असते, तीही जोराला वजनाने भागून. भावाचं कार्ड शेजारी धरून खट्टू होऊ नका.

हाडांची लांबी मुलींमध्ये साधारण १४ ते १६, मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांपर्यंत वाढते. (उंचीच्या पावडरी आम्ही ठेवत नाही, मागू नका.) स्नायूचं तसं नाही. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीचे व्यायाम करून घेतले, तर त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली.

येताना सैल पायजमा किंवा सलवार घाला. नऊवारीतल्या आजींनी तसंच यावं. पडदा आहे, मोजायला बाईच असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांचा कागद आणा, आणि मोजताना कळ आली तर लगेच थांबा.